आफोमाचा बिननावाचा वार

आज सांगणाऱ्यांच्या आज्यांनी ऐकली तेव्हाही जी जुनीच होती, अशी ही गोष्ट. इग्बो लोकांच्या मुलखातली. तिथली माती लाल, पावसाळा लांबलचक आणि आठवडा मात्र आखूड. आपल्याकडे सात वार, तिकडे चारच. एके, ओरी, आफो आणि न्क्वो. न्क्वो मावळला की पुन्हा एके. असे सात आठवडे झाले की महिना, आणि तेरा महिने भरले की वर्ष. असं म्हणतात, की हे वार म्हणजे आभाळातून आलेले चार पाहुणे. एक गेल्याशिवाय दुसरा येत नाही. एकाच वाटेनं चौघं चालतात आणि एकमेकांचं तोंड कधी बघत नाहीत.

तिथे वार म्हणजे नुसती मोजणी नव्हे. मूल ज्या वारी जन्मतं तो वार त्याच्या नावात येऊन बसतो. आणि मेलेलं माणूस पुन्हा जन्माला यायला निघालं, की आपल्याच वाराच्या दारातून आत येतं. आजी नातीत परत येते ती अशी. म्हणून तिथे कुणी 'तुझा वार कुठला' असं विचारलं, तर आपल्याकडे 'तुझं गाव कुठलं' विचारावं तसं ते असतं. ज्याला वार नाही त्याला दार नाही.

त्या मुलखात दोन गावं होती. टेकडीवर उमुग्वू, म्हणजे टेकडीची लेकरं, आणि खाली ओढ्याकाठी उमुइयी, म्हणजे ओढ्याची लेकरं. दोघांच्या मधोमध एक मोकळं माळरान आणि त्यात सावरीचं एक अवाढव्य झाड. त्या झाडाखाली दर न्क्वोला बाजार भरायचा. टेकडीवरून कोनफळं आणि पामतेल यायचं, ओढ्याकडून सुकी मासळी आणि मडकी यायची. मालाबरोबर बातम्या यायच्या आणि बातम्यांबरोबर सोयरिकी. टेकडीच्या पोरी ओढ्याकडे नांदायला जायच्या, ओढ्याच्या पोरी टेकडीवर. मग आयांनी लेकींना भेटायचं कुठे? बाजारात. कुणी मीठ घ्यायला जायचं, कुणी मिठाचं निमित्त करून जायचं.

आफोमा टेकडीवरची. जन्म आफोचा, म्हणून आफोमा. नवरा लवकर गेला. ती ओक्पा करून विकायची. ओक्पा म्हणजे एका जातीच्या शेंगदाण्यांचं पीठ, पामतेलात आणि मिरचीत कालवून, केळीच्या पानात बांधून उकडलेलं. गरमागरम पान सोडलं की आत पिवळाधमक मऊ गोळा. तिच्या हाताला चव होती, पण त्याहून तिची एक खोड प्रसिद्ध होती. ओक्पा खाल्ला की सगळं गाव पान शेळ्यांपुढे टाकायचं. आफोमा मात्र ते पुसायची, दुमडायची, पुन्हा दुमडायची आणि चार पदरी घडी दगडाखाली नीट सरकवून ठेवायची. "शेळीच्या तोंडचा घास काढते ही," असं बाया म्हणायच्या. ती म्हणायची, "असू दे. खाल्ल्या पानाशी वाईट वागू नये."

तिला एकच लेक, उझोआमाका. वाट सुंदर आहे, असा त्या नावाचा अर्थ. सगळे उझो म्हणत. आईचं रूप तिनं घेतलं नाही, पण पानाची खोड तेवढी उचलली. उझोचं लग्न ओढ्याकडे झालं, तेव्हापासून आफोमाच्या चार वारांतले तीन वार नुसते पार पाडायचे असत आणि एक जगायचा. न्क्वोला सावरीच्या मुळाशी मायलेकी शेजारी बसायच्या, एकेक ओक्पा खायच्या, आणि संध्याकाळी मुळाजवळच्या चपट्या दगडाखाली दोन घड्या राहायच्या.

एका न्क्वोला उझो आली ती पोट सांभाळत. पहिलटकरीण. आफोमानं तिला दोन ओक्पा खाऊ घातले. निघताना ती म्हणाली, "पुढच्या न्क्वोला ये. तिखट कमी घालून आणते." उझो म्हणाली, "येते." एवढंच बोलणं झालं. पुढे किती दिवस ते पुरवावं लागणार आहे हे ठाऊक असतं, तर आफोमानं आणखी चार शब्द बोलून घेतले असते.

कारण त्यानंतर लगेच ते झालं. भर दुपारी सूर्य काळवंडला. पाखरं घरट्यांत गेली, शेळ्या बें बें करत गोठ्यांत शिरल्या, चांदण्या दिसल्या. मग जरा वेळानं पुन्हा उजाडलं आणि टेकडीवरचे कोंबडे आरवले. आता टेकडीवर वार पुकारायचं काम आनिएबो नावाच्या थोरल्या म्हाताऱ्याकडे होतं. रोज पहाटे कोंबडा आरवला की तो लोखंडी घंटा वाजवायचा आणि वाराचं नाव घ्यायचा. कोंबडा आरवला, आनिएबोनं घंटा वाजवली, पुढचा वार पुकारला. रात्र झाली, दिवस उजाडला, यात शंका कसली? खाली ओढ्याकडे मात्र थोरले म्हणाले, "ढगानं सूर्य गिळला आणि ओकून टाकला. वार तोच." असं म्हणतात, की दोन्ही गावांनी आपापल्या परीनं बरोबरच केलं. वाईट झालं ते दोघांनी बरोबर केल्यामुळे.

एरवी पुढच्या बाजारात हा घोळ हसण्यावारी मिटला असता. पण त्या काळोखाच्या मागोमाग देवीची साथ आली. दोन्ही गावांनी तेलताडाच्या कोवळ्या झावळ्या वाटांवर आडव्या बांधल्या. ती झावळी म्हणजे, इथून पुढे पाऊल नाही. आत काही माणसं गेली, काही राहिली, आणि दोन्हीकडे वारांची मोजणी आपापली चालू राहिली. टेकडी ओढ्याच्या एक दिवस पुढे.

साथ ओसरली, झावळ्या सुटल्या. पण जुना नियम असा, की रोगराईनंतर पहिली भेट बाजारातच व्हायला हवी. तिथे एकमेकांना धडधाकट बघायचं, थोरल्यांनी कोलाची बी, आपल्याकडे पानसुपारी असते तशी, फोडून वाटायची, आणि मगच एकमेकांच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा. नियम शहाणपणाचाच होता. त्यानं किती जणांचे प्राण वाचवले असतील. आफोमाचे मात्र तो घ्यायला उठला.

टेकडीवरची माणसं न्क्वोला बाजारात आली. ओढ्याकडचं कुणी नाही. पुढच्या न्क्वोला आली. कुणी नाही. माळाच्या पलीकडच्या अंगाला कुणाच्या तरी चुलीची राख होती, कोनफळाच्या साली होत्या, पण माणूस नाही. दूरच्या गावांच्या वाटा अजून बांधलेल्याच होत्या, तेव्हा विचारायचं तरी कुणाला? मग एकदा एके वारी, म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, शेळ्या राखणारे धापा टाकत गावात आले. माळावर बाजाराचा गलका ऐकू येत होता, म्हणाले. मडक्यांवर टिचक्या वाजत होत्या, बायका भाव करत होत्या.

सगळ्या गावाची पाचावर धारण बसली. जिवंतांचा बाजार उठला की मेलेल्यांचा भरतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आनिएबोनं मान हलवली आणि सांगितलं, "उमुइयी गेलं. सगळं गाव गेलं. तेच आपला बाजार भरवतायत." मेलेल्यांच्या वाटेला जिवंतांनी जाऊ नये, म्हणून एके वारी त्या माळाकडे फिरकायचं नाही असं ठरलं. ज्यांच्या लेकीबाळी तिकडे होत्या त्या बायांनी सुतकाचं डोकं भादरलं. आणि खाली ओढ्याकाठी, असं म्हणतात, अगदी हेच चाललं होतं. त्यांनी टेकडीचा गलका आपल्या बाजाराच्या आदल्या दिवशी ऐकला होता, आणि त्यांना तर राखही कोमट सापडायची. त्यांच्या बायांनीही डोकी भादरली. दोन गावं जिवंत होती आणि एकमेकांसाठी रडत होती.

आफोमानं डोकं भादरलं नाही.

शेजारीण उरेन्मा समजवायला आली. तिची धाकटी बहीण ओढ्याकडे दिलेली, तिनं आपलं डोकं केव्हाच भादरलं होतं.

"उझोच्या आई, किती दिवस असं? पोरीला वाटेला लाव. अडकून राहील बिचारी."

"भादरेन," आफोमा म्हणाली. "पण एकदा भादरलं की मग उद्यापासून मी वाट कुणाची बघू, ते सांग."

 उरेन्मा उठून गेली.

दर न्क्वोला आफोमा बाजाराला जायची. विकायचे ओक्पा विकायची आणि एक ठेवायची, तिखट कमी घातलेला. निघताना तो सावरीच्या मुळाशी ठेवून यायची. मेलेल्यांनाही भूक असते, आणि पोटुशी मेलेलीला दोन जिवांची असणार. पुढच्या खेपेला ओक्पा नसायचा. कुत्र्यानं नेला असेल, असं बाया म्हणायच्या, आणि आफोमाही तेच म्हणायची. मग एका न्क्वोला पाऊस पडून गेल्यावर तिला मुळाजवळचा चपटा दगड जरा उचललेला दिसला. तिनं तो सरकवला. खाली जुन्या वाळक्या घड्यांवर केळीचं एक नवं पान होतं. पुसलेलं, एकदा दुमडलेलं, पुन्हा दुमडलेलं.

ती तिथेच खाली बसली. बाजार चालू होता. कुणी भाव विचारून गेलं, ते तिला कळलं नाही. मेली तरी पोरीची खोड गेली नाही, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. इतक्या दिवसांत तिला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

दुसऱ्या दिवशी एके. आनिएबोनं वार पुकारला, गाव शेताकडे गेलं. आफोमानं पहाटेच ओक्पा उकडले होते. टोपली डोक्यावर घेऊन ती माळाच्या वाटेला लागली, तशी उरेन्मा आडवी आली.

"आज एके आहे. मेलेल्यांचा बाजार बघायला गेलेलं माणूस परत येत नाही. ते घेऊन जातात."

"मग नेऊ देत की."

"उझोच्या आई, भय नाही वाटत?"

"वाटतं ना. पण आधी तिला बघेन, मग भिईन."

उरेन्मानं तिचा हात धरला आणि सोडला. मग ती म्हणाली, "माझी बहीण दिसली तर सांग तिला, तिनं केलेली ती थट्टा मी मनावर घेतली नव्हती." कुठली थट्टा ते उरेन्माच जाणे. आफोमा बरं म्हणाली आणि निघाली.

माळ जवळ आला तसा गलका ऐकू येऊ लागला. मडक्यांवर टिचक्या. मासळीचा वास. झाडीतून ती बाहेर आली, आणि बाजार एका क्षणात गप्प झाला. भाव करणाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. टेकडीच्या वाटेनं, मेलेल्यांच्या वाटेनं, डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी आली होती.

आता त्या मुलखात मेलेलं माणूस ओळखायची एक रीत आहे. पाठ करून खाली वाकायचं आणि आपल्याच पायांच्या मधून बघायचं. जिवंताचे पाय जमिनीला टेकलेले दिसतात, मेलेल्याचे वीतभर वर. असं म्हणतात, की त्या वेळी सगळा बाजार एकदम वळला आणि वाकला. मासळीवाल्या वाकल्या, कुंभार वाकले, काठी टेकून थोरले वाकले. आणि इकडे आफोमानंही टोपली खाली ठेवली, पाठ फिरवली, कंबरेवर हात ठेवून कण्हत कण्हत वाकली. अख्ख्या माळावर एक माणूस सरळ उभं नव्हतं.

आफोमाला सावरीच्या मुळाशी दोन पाय दिसले. चिखलानं भरलेले, टाच भेगाळलेली, उजव्या पायाची करंगळी लहानपणी मुसळाखाली सापडून वाकडी झालेली. ते पाय जमिनीला टेकलेले होते. नुसते टेकलेले नव्हते, मातीत रुतले होते. आणि त्या दोन पायांच्या मधून एक उलटा चेहरा तिच्याकडे बघत होता.

"आई," तो चेहरा म्हणाला, "तुझे पाय टेकलेत."

"तुझेही टेकलेत गं."

मग कोण आधी सरळ झालं आणि कोण आधी पळालं, ते सांगणारे वेगवेगळं सांगतात. एवढं खरं, की उझोचंही डोकं भादरलेलं नव्हतं. पाठीवर एक पोर बांधलेलं होतं आणि ते भोकाड पसरून रडत होतं. आफोमानं आधी लेकीचं तोंड चाचपलं, मग खांदे, मग पोराचे पाय, एकेक बोट. उझो म्हणत होती, "मला वाटलं तू तिकडून पाठवतेस. गरम नसायचा, पण तुझ्याच हातचा असायचा. मी खायची आणि घडी ठेवायची, तुला कळावं म्हणून."

"आज गरम आहे," आफोमा म्हणाली.

"पण तू न्क्वोला का येत नव्हतीस?" उझोनं विचारलं.

"मी? दर न्क्वोला आले. कालही आले होते."

"काल आफो होता, आई. न्क्वो आज आहे."

थोरले हळूहळू जवळ आले होते. त्यांनी ते ऐकलं आणि एकमेकांकडे पाहिलं. भर दुपारी पडलेला तो काळोख सगळ्यांना एकदमच आठवला. आफोमानं नातवाचं नाव विचारलं. उझो म्हणाली, "ओकोरी. ओरीला झाला." आफोमा मनाशी मोजून हसली. ओढ्याचा ओरी म्हणजे टेकडीचा आफो. पोर तिच्या वाराचं होतं.

बातमी टेकडीवर गेली तेव्हा आधी कुणी विश्वास ठेवीना, आणि मग कुणाचा पाय घरात ठरेना. उरेन्मा बहिणीसाठी रडली, हसली आणि मग भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आणि आता या केसांचं काय?" पण आनंदाचा बहर ओसरला आणि पेच समोर आला. वार कुणाचा खरा?

दोन्हीकडचे थोरले सावरीखाली जमले. त्या दिवशी टेकडीवर आफो होता, ओढ्याकडे ओरी. ओढ्याकडचे थोरले जरा चेष्टेनं म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे ऐकलं होतं. कोंबडं आरवलं म्हणून तांबडं फुटतं, हे टेकडीवरच बघितलं."

आनिएबोला ते झोंबलं. "हसा. त्या काळोखानंतर आमच्याकडे पोरं जन्मली. वारांवरून नावं ठेवली. आमचा वार चुकला म्हणू, तर त्यांची नावं खोटी? आणि साथीत जी गेली, ती कुठल्या वाराच्या दारानं परत यायची? तुम्ही एक वार गाळा आणि आम्हाला गाठा."

"कुठला गाळू? एकेला सांगू येऊ नको म्हणून, की ओरीला? तुम्हीच एक दिवस थांबा आणि आम्हाला येऊ द्या."

"थांबायचं म्हणजे काय? सूर्य थांबणार आहे? सूर्य उगवेल, दिवस होईल आणि त्याला नाव नसेल. बिननावाच्या दिवसाला धनी कोण? बिनधन्याचा दिवस गावात शिरला तर काय घेऊन जाईल, सांगता येतं?"

खोटं कुणीच बोलत नव्हतं, म्हणून तर भांडण मिटेना. आवाज चढले. झावळ्यांचं नाव निघालं. एकमत होत नसेल तर वाटा पुन्हा बांधू, ज्यानं त्यानं आपला बाजार आपल्या गावात भरवावा. आफोमा बायांत बसली होती. पलीकडच्या बायांत उझो होती, मांडीवर ओकोरी. इतक्या दिवसांत लेक एकदा भेटली होती, आणि आता शहाणी माणसं ती वाट मिटवून टाकणार होती.

उठायच्या आधी रीत म्हणून आनिएबोनं कोलाची बी फोडली. कोलाची बी साधारण चार पाकळ्यांची असते, वारांइतकीच. दोन टेकडीला, दोन ओढ्याला. बी उघडली आणि आनिएबोचा हात थबकला. पाकळ्या पाच होत्या. पाच पाकळ्यांची बी क्वचित निघते आणि ती भाग्याची मानतात. पण त्या दिवशी ती पाचवी पाकळी लाकडी ताटलीत तशीच पडून राहिली. चार वारांच्या चार पाकळ्या चौघांनी उचलल्या, पाचवीला कुणी हात लावेना.

आफोमा उठली. बायांनी तिचा पदर ओढला असेल, तो तिच्या लक्षात आला नाही.

"तो बिननावाचा दिवस मी धरते," ती म्हणाली. "टेकडीनं एक दिवस थांबावं. त्या दिवशी जे काही यायचं ते माझ्याकडे येऊ दे. धनी मी."

आनिएबो कठोर माणूस नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "उझोच्या आई, एका माणसाला एकच वार धरता येतो. तो धरलास की आफो सुटला. तुझा वार गेला म्हणजे दार गेलं. मेल्यावर परत कशी येशील?"

आफोमाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. साथीच्या दिवसांत झोपडीत एकटी पडून ती तेच मनात धरून जगली होती, की मेले तर उझोच्या पोटी येईन, तिच्या हातचं खाईन. आता ते सोडायचं तर जिवावर आलं. तिनं उझोकडे पाहिलं. उझो मान हलवून नको नको म्हणत होती.

"परत येईन तेव्हा ही माझी लेक आहे हे मला आठवेल की नाही, कुणी सांगावं," आफोमा म्हणाली. "आज आठवतंय." आणि तिनं पाचवी पाकळी उचलून तोंडात टाकली. कोला कडू असतो. ती तो सावकाश चावत राहिली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर घंटा वाजली नाही. गावानं चुली पेटवल्या नाहीत, कुणी कुणाला हाक मारली नाही. आफोमा एकटी माळावर गेली आणि सावरीच्या मुळाशी बसली. असं म्हणतात, की तो दिवस सगळ्या दिवसांत लांब होता. सावरीचा कापूस झाडावरून सुटला आणि खाली न पडता हवेत तसाच थांबून राहिला. सूर्य शेंड्यावर आला आणि तिथेच अडून बसला, कारण पुढच्या वाटेचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. मग त्या वाटेनं चार म्हातारे पाहुणे आले. जन्मात पहिल्यांदा एकत्र आले. त्यांनी आफोमाला विचारलं, "बाई, हा दिवस कुणाचा?" ती म्हणाली, "माझा. बसा." तिनं चौघांना चार ओक्पा दिले. आफो नावाच्या पाहुण्यानं खाऊन झाल्यावर तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ते गेले आणि सूर्य खाली उतरू लागला.

पहाटे टेकडीवर घंटा वाजली, ओढ्याकडेही वाजली, आणि दोन्हीकडे एकच नाव पुकारलं गेलं. न्क्वो. दोन्ही वाटांनी माणसं माळावर आली, तेव्हा आफोमा टोपली पुढ्यात घेऊन बसलेलीच होती. दगडाखाली चार घड्या होत्या.

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. दर न्क्वोला उझो यायची, दोघी खायच्या, दगडाखाली दोन घड्या राहायच्या. ओकोरी बाप्या झाला. मग एक दिवस दगडाखाली एकच घडी राहिली.

उझोला पुढे तीन मुली झाल्या. दर बाळंतपणाला ती जाणत्यांना विचारायची, "आई आली का?" जाणते बाळाला निरखायचे आणि म्हणायचे, ही तुझी सासू आहे, ही तुझी आत्या आहे. आई नाही. वार नसलेल्या बाईला दार कुठलं? उझोचे केस पिकले. एकदा वर्ष सरताना दोन्ही गावांचे थोरले बसले होते, तिथे ती गेली आणि म्हणाली, "आईनं तुम्हाला एक दिवस दिला. तिला यायला तुम्ही एक दिवस द्या."

तेव्हापासून त्या दोन गावांत तेरावा महिना संपला, की नवं वर्ष लागण्याआधी एक दिवस बिननावाचा पाळतात. त्या दिवशी घंटा वाजत नाही, बाजार भरत नाही, कुणी मेलं असं म्हणत नाहीत. ज्याचं कुणी दूर गेलं आहे तो माळावर येऊन बसतो. दिवस भरलेल्या बाया सावरीच्या मुळाशी येऊन टेकतात, आफोमाला दार सापडावं म्हणून. आणि दुपारी गावातल्या सगळ्या लहान मुलींना ओळीनं बसवून तिखट कमी घातलेला एकेक ओक्पा देतात.

म्हाताऱ्या समोर बसून बघत राहतात. मुली खातात, पानं शेळ्यांपुढे टाकतात आणि खेळायला पळतात. या गावांत कुठलीही आई आपल्या मुलीला खाल्ल्या पानाचं काय करावं हे शिकवत नाही. तशी सक्त ताकीद आहे. पण असं म्हणतात, की एखाद्या वर्षी एखादी चिमुरडी खाऊन झाल्यावर उठत नाही. पान पुसते, दुमडते, पुन्हा दुमडते आणि इकडे तिकडे दगड शोधू लागते. म्हाताऱ्या तिला काही विचारत नाहीत. त्यांच्यातली एक उठून तिच्यापुढे आणखी एक गरम ओक्पा ठेवते.